कूस बदलायची वेळ

"झोपून बघा ना, मावशी. हातानं दाबून गादी कळत नाही," दुकानदार म्हणाला आणि त्यानं गादीवरचं प्लास्टिक अर्ध्यापर्यंत मागं सारलं.

भर दुपारची वेळ. दुकान रस्त्याला लागून, समोरच्या रसवंतीत बसलेली माणसं आत बघत होती. मी वन्संकडे पाहिलं. राजमतीवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, निपाणीच्या शाळेत हेडबाई म्हणून निवृत्त झालेल्या. सांगितलेलं करून घ्यायची त्यांना सवय होती. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

"चपला काढ आणि पड."

मी पडले. वर पंखा होता, पंख्याच्या पात्यांवर धूळ होती. दुकानदारानं विचारलं, कसं वाटतंय. मी म्हटलं, चांगली आहे. मग स्प्रिंगच्या गादीवर पडले, मग काथ्याच्या. तिन्ही वेळा तेच विचारलं गेलं आणि तिन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. शेवटी वन्संनीच काथ्याची ठरवली. फार मऊ गादीनं कंबर धरते, असं त्या म्हणाल्या. मला कुठलीही चालली असती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिनदत्तांना, माझ्या नवऱ्याला, जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते.

त्याआधी सहा वर्षं ते अंथरुणावर होते. अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी ते खाली मागावर उभे होते. इचलकरंजीत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर आमचेच यंत्रमाग होते. त्यांनी हौसेनं एकेक करून वाढवलेले. ते पडल्यावर शेड दुसऱ्याला चालवायला दिली. माग पूर्वीसारखेच रात्रंदिवस चालू राहिले आणि वरच्या खोलीत लोखंडी कॉटवर ते निजून राहिले. त्यांच्याखाली हवेची गादी होती, तिला एक लहानशी मोटार. गादीतले कप्पे आळीपाळीनं फुगायचे आणि बसायचे, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत. तरीही डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पुढं पुढं त्यांना गिळता येईनासं झालं, तेव्हा कूस बदलताना घशातला कफही मशीननं ओढून घ्यावा लागे.

मी कॉटशेजारी जमिनीवर सतरंजी घालून झोपत असे. माझ्या साध्या फोनमध्ये रात्रीचे गजर लावलेले होते. दहा, बारा, दोन, चार, सहा. दोन वर्षांनी गजराच्या आधीच जाग यायला लागली. तरी मी गजर लावत होते.

ते गेल्यावर कॉट आणि हवेची गादी ज्याची त्याला परत गेली. खोलीच्या मधोमध फरशीवर कॉटच्या पायांचे चार डाग राहिले. मी सतरंजीवरच झोपत राहिले आणि दर दोन तासांनी उठत राहिले. उठून बसायचं, कॉटच्या जागेकडे बघायचं, पुन्हा आडवं व्हायचं. आडवं झाल्यावर झोप लागायची असंही नाही. दिवसा चालताना भिंती जवळ यायच्या. एकदा मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि जळून काळं होईपर्यंत त्याच्याचसमोर उभी होते.

रडू मात्र आलं नाही. बायका भेटायला येत, पदरानं डोळे पुसत आणि म्हणत, शेवटपर्यंत केलंस गं, पद्मजा, अशी सेवा कुणी करत नाही. मी उठून पाणी आणायला आत जात असे.

माझी मुलगी सन्मती बेळगावला, तिला सातवा महिना चाललेला. ती फोनवर रडायची आणि मी तिला काय खाल्लंस ते विचारायची. मग वन्संच निपाणीहून येऊन राहिल्या. तशा त्या दर महिन्याला चार-पाच दिवस येतच असत. जिनदत्त पाच वर्षांचे असताना सासूबाई गेल्या होत्या आणि वन्संनी भावाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्यांनी लग्न केलं नाही. जिनदत्त गेले त्या रात्रीही त्या आमच्याच घरी, त्याच खोलीत होत्या.

नवी गादी आली, तिच्यावर नवी चादर पडली, पण काही फरक झाला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या मी घेतल्या नाहीत. घेते म्हणायचे आणि खिडकीतल्या कुंडीत टाकायचे. वन्संनी ते एकदा पाहिलं. मी वाट बघितली, पण त्या रागावल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं की आपण आठवडाभर बाहेर जातोय.

जागा त्यांच्या ओळखीतून मिळाली होती. आजऱ्याच्या पुढं, काजूच्या बागेत, कृष्णाबाई रेडेकर नावाच्या बाईंचं घर होतं. मुलगा फौजेत, म्हणून मागच्या दोन खोल्या त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला देत. वन्संनी त्यांना फोनवर एकच गोष्ट दोनदा विचारली, आवाज कसला येतो का. मग मला म्हणाल्या, "ह्या मागांच्या खडखडाटात कुणाला झोप येईल? तिथं अगदी शांत आहे."

मागांच्या आवाजात मी तीस वर्षं झोपत आले होते.

एसटीनं उतरून अर्धा तास पायवाट होती. कृष्णाबाई फाट्यावर घ्यायला आल्या. बुटक्या, काटक, बोलताना मध्येच थांबून समोरच्याला नीट निरखायची सवय. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो आणि कांदा-लसूण खात नाही, हे वन्संनी त्यांना आधीच कळवलेलं होतं. त्यांनी साडेपाचलाच पानं वाढली. नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, ताक. मग आम्हाला खोली दाखवली. दोन लाकडी पलंग, त्यांवर कापसाच्या जुन्या गाद्या. माझ्या गादीत मध्ये खड्डा पडला होता आणि कडेला गाठी आल्या होत्या.

"पोरगा लोळायचा ह्याच्यावर," कृष्णाबाई म्हणाल्या. "झोपून बघा आज. न्हाईच जमलं तर बघू."

त्या रात्रीचं फार सांगण्यासारखं नाही. वन्संनी म्हटलेलं खरं होतं, तिथं काहीही ऐकू येत नव्हतं. कुत्रं नाही, गाडी नाही, पंखासुद्धा नाही. तसल्या शांततेची मला त्याआधीची एकच रात्र आठवत होती. मी उठून भिंतीला टेकून बसले आणि उजाडेपर्यंत तशीच बसून राहिले. दुसऱ्या रात्रीही तेच झालं. वन्संही जाग्या असाव्यात. त्यांच्या श्वासावरून ते मला कळत होतं.

सकाळी चूल पेटवताना कृष्णाबाईंनी माझ्याकडे त्यांच्या पद्धतीनं निरखून पाहिलं आणि सगळा दोष गादीवर टाकला. फिरतीवर आलेले दस्तगीर नदाफ शेजारच्या वाडीत गाद्या पिंजायला थांबले होते, त्यांना निरोप गेला. नऊच्या सुमाराला ते आले. साठीचे, पांढरी दाढी, खांद्यावर कापूस पिंजायचं भलंमोठं धनुष्यासारखं पिंजण. त्यांनी अंगणात ताडपत्री अंथरली आणि गादीची शिवण उसवली. आतला कापूस करडा, दबून चपटा झालेला निघाला. त्यांनी तो उन्हात पसरला, हातांनी तोडून मोकळा केला आणि मग पिंजणाची तार त्यात घालून मुठीनं वाजवायला सुरुवात केली. तारेचा एकसारखा टणत्कार अंगणभर घुमायला लागला. कापूस वर उडत होता आणि पांढरा होऊन खाली येत होता.

मी पायरीवर बसून बघत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. कशानं ते मला सांगता आलं नसतं, बहुधा त्या आवाजानं. वन्सं माझ्या मागं दारात जप करत उभ्या होत्या.

तासाभरानं दस्तगीरचाचा घाम पुसायला थांबले. खोळ भरण्याआधी त्यांना एक विचारायचं होतं. कापूस कुठं जास्त भरायचा, ते झोपणाऱ्यावर ठरतं म्हणे. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याखाली आणि कमरेखाली भरणा लागतो, उताण्या झोपणाऱ्याला सारखा.

"बाई, तुम्ही कशा झोपता?" त्यांनी विचारलं.

मी लगेच उत्तर दिलं. "बारा वाजता डावी कूस. दोनला उजवी. चारला उताणं, पण डोकं वर उचलून. सहाला पुन्हा डावी."

दस्तगीरचाचा हातातला टॉवेल तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मी काय बोलले ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी स्वतः कशी झोपते ते आठवायचा प्रयत्न केला, पण आठवेना. लग्नाआधी मी पोटावर झोपत असे आणि आई रागवायची, तेवढंच आठवलं.

"सारखाच भरा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काम सुरू केलं. मागं वळून बघितलं तर वन्सं दारात नव्हत्या.

थोड्या वेळानं कृष्णाबाईंनी चहा केला. वन्संचा कप घेऊन मी मागच्या खोलीत गेले. त्या माझ्या पलंगाच्या उघड्या फळ्यांवर बसल्या होत्या. हातातली जपमाळ थांबलेली होती. मी कप खिडकीत ठेवला. बाहेर तारेचा आवाज चालू होता. त्या आवाजामुळंच असेल, किंवा मघाशी तोंडातून गेलं त्यामुळं असेल, जे चाळीस-पन्नास दिवस कुणाला बोलले नव्हते ते मी उभ्या उभ्याच बोलले.

"वन्सं, ते गेले त्या रात्री मला दोनचा गजर ऐकू आला नाही. चारचाही नाही. मी झोपले होते."

ती रात्र मागांच्या आठवड्याच्या सुट्टीची होती. खाली सगळं बंद होतं. बारा वाजता मी त्यांना डाव्या कुशीवर केलं, घसा साफ केला आणि सतरंजीवर पडले. त्यानंतरचं मला एवढंच माहीत आहे की वन्संनी मला हलवून उठवलं तेव्हा बाहेर उजाडलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी सलग झोपले होते. उठताना अंग इतकं हलकं होतं की क्षणभर मला छान वाटलं. मग मी कॉटकडे पाहिलं. ते डाव्या कुशीवरच होते, बारा वाजता मी केलं होतं तसेच, आणि उशीची ती बाजू ओली होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. केव्हा, ते सांगता येत नाही म्हणाले. कशानं, ते मी विचारलं नाही. सगळे म्हणत होते की मी शेवटपर्यंत केलं.

हे सगळं मी वन्संना सांगितलं. फार वेळ लागला नाही. त्या माझ्याकडे न बघता ऐकत होत्या.

"गजर ऐकू येणार नव्हता तुला," त्या म्हणाल्या. "तो वाजलाच नाही."

मला समजलं नाही.

"बारानंतर तू झोपलीस तेव्हा मी जागी होते. तू अशी पडली होतीस की कुणी वरून टाकलंय. तुझं तोंड उघडं होतं. मला बघवेना. मी तुझा फोन उचलला. आवाज बंद करून नुसता थरथरत राहील असा केला आणि माझ्या उशीखाली घेतला. म्हटलं, आज मी उठते. दोनला मी करते, चारला मी करते. हिला एक रात्र झोपू दे."

बाहेर तारेचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

"मला जाग आली नाही, पद्मजा. साडेपाचला आली. मी त्याच्या कपाळाला हात लावला आणि मला कळलं."

"मग फोन माझ्या उशाशी कसा होता?"

त्या खोटं बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"मी ठेवला," त्या म्हणाल्या. "आवाज पुन्हा चालू केला, तुझ्या उशाशी ठेवला आणि मग तुला उठवलं."

माझ्या मनात काय आलं असं लोक विचारतील, म्हणून सांगते, काहीच आलं नाही. राग यायला हवा होता. सगळे दिवस मी जे ओझं एकटीनं वाहत होते, ते त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या उशाशी ठेवलं होतं. रात्रभर माझ्या समोरच्या पलंगावर त्या जाग्या राहत होत्या आणि मी कशानं झोपत नाही ते त्यांना माहीत होतं. त्यांनी गादी आणली, डॉक्टर आणले, हे डोंगरातलं घर शोधलं. हे एक वाक्य सोडून त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. मला हे सगळं कळत होतं, पण जसं दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं.

"चहा गार होतोय," मी म्हटलं आणि बाहेर आले.

दस्तगीरचाचांची खोळ भरून झाली होती. ते गादीच्या चारी बाजू शिवत होते. मध्ये मध्ये टाके घालायचे होते, त्यासाठी खालून सुई परत वर द्यायला कुणीतरी लागतं. मी त्यांच्यासमोर बसले. ते वरून सुई टोचायचे, मी खालून ओढून परत द्यायची. सगळे टाके होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. जाताना ते कृष्णाबाईंना म्हणाले, गादी दिवसभर उन्हात राहू द्या, संध्याकाळी आत घ्या.

मी संध्याकाळपर्यंत थांबले नाही. अंगणातच ताडपत्रीवर ती गादी होती, फणसाची सावली नुकतीच तिच्यावर सरकत होती. चाचा गेल्यावर मी तिच्यावर बसले, मग आडवी झाले. कापूस उन्हानं गरम होता. कृष्णाबाई भांडी घासत होत्या, राखेनं घासल्याचा खरखर आवाज येत होता. डोळे केव्हा मिटले ते कळलं नाही.

उठले तेव्हा ऊन पार उतरलं होतं आणि कुणीतरी माझ्या अंगावर चादर घातली होती. मी पोटावर झोपले होते. गालावर गादीच्या कापडाच्या रेघा उमटल्या होत्या. पाच तास झोपले, असं कृष्णाबाई म्हणाल्या. जेवणाची वेळ टळून जाईल म्हणून त्या दोनदा उठवायला आल्या होत्या, पण पायरीवर बसलेल्या वन्संनी त्यांना उठवू दिलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही तिथं आणखी चार दिवस राहिलो. मी रोज झोपले, दुपारी आणि रात्रीही. मध्ये जाग यायची, पण मी उठून बसत नव्हते. वन्सं झोपत नव्हत्या. त्यांनी एकदाही माफी मागितली नाही आणि मीही तो विषय काढला नाही. एकमेकींना लागेल ते देत होतो. टॉवेल, पाणी, ताकाचा पेला. त्यांचे डोळे आत गेले होते. चौथ्या दिवशी विहिरीवर पाय घसरून त्या पडता पडता राहिल्या. मी त्यांचा दंड धरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचं वय झालंय. तोवर त्या मला कधी म्हाताऱ्या वाटल्या नव्हत्या.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. इचलकरंजीची थेट एसटी होती, वाटेत निपाणी. माझं तिकीट घरचं आणि त्यांचं निपाणीचं. ते त्यांनीच सांगितलं कंडक्टरला, माझ्याकडे न बघता. आता पुन्हा त्या येणार नाहीत हे मला कळलं. त्यांनाही ते ठाऊक असणार, कारण त्यांची पिशवी त्यांनी वर रॅकवर न ठेवता मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

गडहिंग्लज गेल्यावर त्यांची मान कलली. आधी खिडकीकडे गेली, गजावर आपटली, मग माझ्या बाजूला आली. संकेश्वरपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तोंड उघडं पडलं होतं. मांडीवरची पिशवी घसरायला लागली, ती मी काढून पायाशी ठेवली. खांदा बधिर झाला तरी मी हलले नाही. भावाला कडेवर घेऊन वाढवलेली ही बाई पन्नास दिवस झोपली नव्हती, आणि मला ते दिसत असूनही दिसलं नव्हतं.

निपाणीच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. माणसं उतरली, नवी चढली, कुणीतरी शेंगा विकायला आलं. कंडक्टर आमच्या सीटपाशी येऊन उभा राहिला.

"ह्या मावशी इथं उतरणार ना?" त्यानं विचारलं.

मी हळू आवाजात म्हटलं, "त्यांचं पुढचं तिकीट द्या. इचलकरंजीपर्यंत."

त्यानं तिकीट फाडून दिलं. ते मी मुठीत धरून बसले. गाडी स्टँडबाहेर पडली, हमरस्त्याला लागली. कागलच्या अलीकडे वन्संना जाग आली. त्यांनी डोकं उचललं, पदरानं तोंड पुसलं, मांडीवर पिशवी चाचपली, बाहेर बघितलं. बराच वेळ त्या रस्त्यावरच्या पाट्या वाचत होत्या.

"निपाणी?" त्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं. "झोपा तुम्ही. घर यायला अजून तास आहे."

त्या सीटवर थोड्या खाली सरकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.